रक्त थांबलं म्हणजे हीट संपली असं नाही: दर खेपेला होणारा तोच घोळ

कुत्री हीटवर येते. आठ-दहा दिवस घरभर लाल थेंब, सोफ्यावर जुनी चादर, गेटपाशी गल्लीतले चार कुत्रे ठाण मांडून. मग थेंब फिकट होतात, बंद होतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. तिला पुन्हा नेहमीसारखं खाली मोकळं सोडतात. दोन महिन्यांनी एक तर घरात पिल्लं, नाहीतर पिल्लं नसूनही तिच्या आचळांना दूध, नाहीतर ती खाणं टाकून नुसती पाणी पीत सुटलेली. सहा-सात महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

या तिन्ही तक्रारी घेऊन लोक वेगवेगळ्या वेळी फोन करतात, पण मूळ बहुतेकदा एकच निघतं. हीट म्हणजे रक्ताचे दिवस, असं धरून हिशेब केलेला असतो. रक्त हा हीटचा फक्त पूर्वार्ध. पिल्लं राहण्याचे दिवस रक्त ओसरू लागल्यावर येतात, आणि त्यानंतरचे दोन महिने तिच्या शरीरात हार्मोनचं काम चालूच असतं. आपली तक्रार खाली शोधा, पण त्याआधी दिवसांचं गणित एकदा नीट समजून घ्या. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आधी दिवसांचं गणित

कुत्रीच्या चक्राचे चार टप्पे. पहिल्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढत जातं. योनीमुख सुजून टणक होतं, लाल स्राव सुरू होतो, नर मागे लागतात. पण ती कोणाला जवळ येऊ देत नाही. मटकन खाली बसते, शेपूट पायांत घालते, फारच झालं तर अंगावर धावून जाते. हे सरासरी ९ दिवस चालतं. एखादी ३ दिवसांत उरकते, एखादीला १७ दिवसही लागतात.

दुसरा टप्पा म्हणजे खरा माज. इस्ट्रोजेन उतरतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन चढायला लागतं. स्राव पातळ आणि फिकट होतो, सूज असते पण हाताला मऊ लागते. आणि तिचा स्वभाव पालटतो. काल गुरगुरणारी आज कमरेवर नुसता हात ठेवला तरी पाय रोवून उभी राहते आणि शेपूट एका बाजूला घेते. हाही सरासरी ९ दिवसांचा, पण ३ ते २१ असा कितीही. बीज सुटतं ते याच काळात.

मग तिसरा, सुमारे दोन महिन्यांचा. प्रोजेस्टेरॉन वरच राहतं. गाभण असली काय, नसली काय, तिच्या रक्तातलं चित्र जवळपास सारखंच. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली दोनदा कामाला येणार आहे. चौथा टप्पा विश्रांतीचा, चार-पाच महिने, त्यात बाहेरून काहीच दिसत नाही.

माणसाच्या पाळीचं गणित इथे लावलं की घात होतो. बाईच्या पाळीत गर्भाशयाचं अस्तर गळतं, म्हणजे ते रक्त मागचं चक्र संपल्याची खूण असते. कुत्रीचं रक्त बीज सुटण्याच्या आधी येतं. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून तांबड्या पेशी झिरपतात. त्यामुळे “रक्त थांबून चार दिवस झाले, आता धोका नाही” हे अनुमान नेमकं उलटं पडतं.

आणखी एक भानगड आहे. कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा ते कच्चं असतं, फळायला तयार व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्राणू मात्र तिच्या पोटात आठवडाभर जिवंत राहू शकतात. म्हणून आठव्या-नवव्या दिवशी झालेली चूकही महागात पडते आणि अठराव्या दिवशीचीही.

सगळं मिळून तीन आठवडे धरा, बऱ्याच जणी चौथ्यातही जातात. मी सांगतो तो नियम साधा आहे: पहिला डाग दिसल्यापासून २८ दिवस पट्टा सोडायचा नाही, आणि २८व्या दिवशीही सूज पूर्ण उतरलेली नसेल किंवा नर अजून मागे येत असतील तर त्यापुढेही नाही.

यासाठी ॲप वगैरे लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तीन खुणा करा. पहिला डाग दिसला ती तारीख, तिथून २८वा दिवस आणि त्याच पहिल्या तारखेपासून ९०वा. पहिल्या दोन खुणांमध्ये पट्टा. दुसऱ्या-तिसऱ्या खुणेमध्ये तिचं दूध, पाणी आणि भूक यांवर नजर.

रोज सकाळी फिरायला काढण्याआधी पांढरा टिश्यू किंवा जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा योनीमुखाला हलकेच टेकवा. पुसायचं नाही, नुसता टिपायचा. सुरुवातीला डाग मध्यापासून कडेपर्यंत सारखा लालभडक उमटतो. आठवड्याभरात मधे लाल ठिपका आणि भोवती पाणचट गुलाबी कड दिसू लागते. मग एका सकाळी लाल जवळजवळ जातंच आणि वाळल्यावर कापडावर पेंढ्याच्या रंगाचा फिकट डाग राहतो. घरचे “झालं एकदाचं” म्हणतात तो हाच दिवस, आणि कुलपं दोनदा तपासायची तीही याच दिवसापासून. काही कुत्र्यांना शेवटपर्यंत लालच जातं, हेही सांगून ठेवतो. म्हणजे रंग ही मदत आहे, हमी नाही. डागाबरोबर सूज किती मऊ झाली आणि शेपूट बाजूला घेते का, हे रोज दोन शब्दांत लिहिलं तर पुढच्या खेपेला तुमचीच वही तुम्हाला उत्तर देईल, कारण बहुतेक कुत्र्यांची तऱ्हा दर हीटला साधारण तशीच राहते.

“रक्त बंद झालं, तरी गेटवरून कुत्रे हलत नाहीत”

कारण तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. तिच्या लघवीतून आणि स्रावातून जाणारा वास त्यांना बरोबर सांगतो की वेळ आता आली आहे. अशा वेळी तिला घेऊन खाली जाताना नेहमीची वेळ आणि वाट दोन्ही बदला. पहाटे, भर दुपारी, रात्री उशिरा, जेव्हा गल्लीतले झोपलेले असतात तेव्हा. पट्टा छोटा धरा, ओढला की लांबत जाणारा तर अजिबात नको. दाराशी लघवी करू देऊ नका. शक्य असेल तर गाडीत घालून थोडं दूर नेऊन फिरवा. लिफ्टजवळ आणि जिन्यात थेंब पडले असतील तर साबणाच्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर कुत्रे थेट तुमच्या मजल्यावर येतील, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर काय सुरू होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाजारात मिळणारी पॅन्टी किंवा डायपर फरशी वाचवण्यासाठी आहे. गर्भ राहण्यापासून ती वाचवत नाही. नर ती ओढून काढतात, कधीकधी तीच कुरतडून काढते. दिवसातून बऱ्याचदा बदलली नाही तर तिथली कातडीही खराब होते. वास लपवणारे स्प्रे आणि गोळ्या यांवर माझा विश्वास नाही.

घरात दुसरा नर असेल तर प्रश्न आणखी कठीण. “तो तिचा भाऊ आहे”, “तो तिचाच मुलगा आहे” हे नातं आपल्याला माहीत असतं, त्यांना त्याचं काही नसतं. दोन खोल्या आणि मधे एक बंद दार पुरत नाही. कोणी तरी चहा घेऊन येतं आणि दार उघडं राहतं. ते २८ दिवस एकाला नातेवाइकांकडे किंवा बोर्डिंगमध्ये ठेवणं हाच खात्रीचा उपाय. नराची नसबंदी नुकतीच झाली असेल तरी महिनाभर तो मोकळा समजू नका, आधीचे शुक्राणू काही आठवडे राहतात.

“डोळ्यादेखत अडकले, आता काय?”

पहिली गोष्ट, ओढू नका. पाणी, काठी, दगड काहीही नाही. नराच्या इंद्रियाच्या मुळाशी असलेली गाठ आत फुगते म्हणून ते अडकतात; पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, बहुतेकदा दहा ते तीस मिनिटं. जोरात सोडवलं तर दोघांनाही आतून जखमा होतात. शिवाय अडकण्याआधीच व्हायचं ते झालेलं असतं, त्यामुळे सोडवून मिळत काहीच नाही. तिला पट्टा लावा, शांत धरून उभे राहा, आजूबाजूची पोरं आणि बाकीचे कुत्रे लांब ठेवा.

मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. इथे एक धोक्याची सूचना. “एक इंजेक्शन देऊन टाकू” म्हणून कधीकधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन सुचवलं जातं. हे जुनं औषध आहे आणि त्याची किंमत मोठी: गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो, आणि अस्थिमज्जा दबून रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं, ज्यात कुत्री दगावतेही. कोणतं इंजेक्शन आहे हे विचारून घ्या. हीट पुढे ढकलायला किंवा थांबवायला देतात त्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या इंजेक्शनांचंही तसंच. पू होणं, मधुमेह, स्तनात गाठी, हे सगळं त्या रस्त्याने येऊ शकतं.

पिल्लं नकोच असतील आणि पुढेही नको असतील, तर हीट ओसरल्यावर नसबंदी करून टाकणं सगळ्यात सरळ. ठरत नसेल तर २५ ते ३० दिवसांनी सोनोग्राफी करा, राहिली आहे की नाही ते कळेल. प्रत्येक वेळी राहतेच असं नाही. किती पिल्लं आहेत ते मोजायचं असेल तर ५५व्या दिवसानंतरचा एक्स-रे, त्याआधी हाडं नीट दिसत नाहीत.

जाता जाता ब्रीडिंगवाल्यांसाठी: चांगल्या घराण्याच्या नराशी मेटिंग झालं म्हणून तिला नंतर मोकळं सोडू नका. एकाच विणीत दोन वेगळ्या बापांची पिल्लं होऊ शकतात. अर्धी पिल्लं लॅब्रेडॉर आणि अर्धी चौकातल्या काळ्या बोक्याच्या (तो कुत्राच आहे, नाव तसं पडलंय) तोंडावळ्याची निघाली की भांडण नराच्या मालकाशी होतं, चूक असते गेटच्या कडीची.

“दोनदा मेटिंग केलं, दोन्ही वेळा राहिली नाही”

बहुतेक वेळा कुत्रीत दोष नसतो, तारखेत असतो. अकरावा आणि तेरावा दिवस हा ठोकताळा सगळीकडे चालतो, पण एखादीचं बीज सातव्या दिवशी सुटतं आणि एखादीचं वीस दिवस उलटल्यावर. त्यातही “पहिला दिवस” हा तुम्हाला दिसलेला पहिला दिवस असतो. स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या कुत्रीत तो तीन-चार दिवस उशिरा लक्षात येतो.

उपाय रक्ततपासणीचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन तपासायचं. एका मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या आसपास ते हललं की बीज सुटण्याची तयारी, ५ च्या आसपास बीज सुटलं, आणि त्यापुढचे दोन ते चार दिवस सर्वांत चांगले. सोबत योनीच्या पेशींचा स्वॅब घेतला तर चित्र अधिक स्पष्ट होतं. याचा दुसरा फायदा असा की विण्याची तारीख नेमकी कळते. बीज सुटल्यापासून ६३ दिवस, फार तर एखादा दिवस मागेपुढे. मेटिंगच्या तारखेपासून मोजलं तर हाच आकडा ५७ ते ७२ असा कुठेही जातो, आणि सिझेरियन कधी करायचं यावर रात्री दोन वाजता वाद होतो.

“या वेळी रक्तच आलं नाही”, “आली आणि पाच दिवसांत गेली”

पहिल्या हीटला असं बरंच होतं. छोट्या जातीच्या कुत्र्या सहा ते दहा महिन्यांत पहिल्यांदा हीटवर येतात, मोठ्या जातीच्या दीड वर्षांपर्यंत, काही तर दोन वर्षांच्या होईपर्यंत येत नाहीत. सुरुवातीच्या एक-दोन खेपांना रक्त इतकं कमी असू शकतं की दिसतच नाही. पण बीज सुटतं आणि पिल्लंही राहतात. नर अचानक घुटमळायला लागले असतील तर रक्त दिसो न दिसो, पहिली खूण करून टाका.

दुसरा प्रकार म्हणजे तुटक हीट. सूज येते, रक्त येतं, आठवड्याभरात सगळं ओसरतं, बीज सुटतच नाही. मग दोन ते दहा आठवड्यांनी पूर्ण हीट येते. काळजीचं कारण नाही, फक्त मोजणी दुसऱ्या वेळेपासून नव्याने धरायची. नाहीतर “आत्ताच तर होऊन गेली” म्हणत तिला मोकळं सोडलं जातं.

दोन हीटमधलं अंतर सरासरी सहा-सात महिने. जर्मन शेफर्डमध्ये चार-पाच महिन्यांनीही नेहमीचं मानतात, बसेन्जी आणि तिबेटी मास्टिफ वर्षातून एकदाच येतात. आपल्या गावठी कुत्र्यांमध्ये भाद्रपदाचं माहात्म्य कोणाला सांगायला नको. पावसाळा सरता सरता मेटिंग आणि दोन महिन्यांनी, थंडी पडायच्या सुमाराला, गल्लीबोळांत पिल्लं. पण घरात वाढलेली इंडी (म्हणजे गावठीच) कुत्री हा पंचांगाचा नियम पाळेलच असं नाही. तिच्यासाठी तिचीच वही बघायची.

वय वाढलं की अंतर वाढतं, पण माणसासारखी पाळी जाणं हा प्रकार कुत्रीत नाही. दहा वर्षांची झाली म्हणून ती “सुटली” असं होत नाही.

“रक्त थांबतच नाही”

एकाच टप्प्यात तीन आठवड्यांहून जास्त अडकली, किंवा सगळं मिळून महिना उलटला तरी लाल जातंय, तर थांबून बघण्यात अर्थ नाही. अंडाशयातली गाठ इस्ट्रोजेन सोडत राहिली की असं होतं. वयस्क कुत्रीत ट्यूमरही असू शकतो. सोनोग्राफीत बहुधा कळतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांशी संबंध आला असेल तर आणखी एक कारण आपल्याकडे सर्रास आढळतं: मेटिंगमधून पसरणारा ट्यूमर, ज्याला डॉक्टर टीव्हीटी म्हणतात. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत लालसर गाठ असते आणि तिच्यातून महिनोन्‌महिने थेंब थेंब रक्त गळतं. घरचे प्रत्येक वेळी “पुन्हा हीटवर आली वाटतं” म्हणतात. हीटची सूज नाही, नरांची रांग नाही आणि तरी रक्त, हे दिसलं की तपासून घ्या. व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी, साधारणपणे आठवड्याला एक, तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

थोडी थोडी लघवी, वारंवार, शेवटी दोन थेंब लाल: हे मूत्रमार्गाचं इन्फेक्शन. लघवीची तपासणी आधी, बाकी तर्क नंतर.

हीटमध्येच योनीतून गुलाबी गोळा बाहेर आलेला दिसला तर घाबरून तो आत ढकलू नका. इस्ट्रोजेनमुळे आतला पडदा सुजून बाहेर येतो, बॉक्सर, बुलडॉग अशा जातींत जास्त. हीट संपली की तो आक्रसतो. तोवर ओला आणि स्वच्छ ठेवायचा, चाटू द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचा. पुढच्या हीटला तो परत येण्याची शक्यता दाट असते, त्यामुळे अशा कुत्रीची नसबंदी लवकर केलेली बरी.

“पोटात पिल्लं नाहीत, मग दूध कसं?”

हीट संपून सहा ते आठ आठवडे झालेले असतात. कुत्री एकाएकी घराचा कोपरा उकरायला लागते, पलंगाखाली जाऊन बसते. कोणाची तरी चप्पल, कोंबडीचं रबरी खेळणं, मोज्याची जोडी असं काहीबाही गोळा करून पोटाशी घेते. कोणी हात पुढे केला तर ओठ वर करून दात दाखवते. खाणं कमी होतं, आचळं फुगतात, दाबलं तर दूध येतं. मेटिंग झालेलंच नसतं, तरी घरात बारशाचं वातावरण!

ही खोटी गर्भधारणा. वर म्हटलं तसं, गाभण असो नसो, प्रोजेस्टेरॉन दोन महिने वरच राहतं. ते उतरलं की मेंदूतून प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन आईपणाची सगळी कामं सुरू करतं. लांडग्यांच्या कळपात साधारणपणे एकच मादी विते, बाकीच्या तिच्या पिल्लांना सांभाळायला मदत करतात. ही सोय तिथून आलेली असावी असं मानतात. म्हणजे यात तिचं डोकं बिघडलेलं नाही आणि तुम्ही काही चुकवलेलं नाही. दर हीटनंतर हे पुन्हा होणं हेही नेहमीचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दूध काढणं. “साठून गाठ होईल” म्हणून आजी प्रेमाने पिळतात, कोमट कपड्याने शेकतात, आणि शरीराला वाटतं मागणी आहे. दूध वाढतं. आचळांना हात लावायचा नाही, शेकायचं नाही, तिलाही चाटू द्यायचं नाही. जुना टी-शर्ट पुढचे पाय बाह्यांत घालून अंगावर चढवा आणि कमरेशी सैल गाठ मारा; चाटत राहिली तर गळ्यात ती शंकूसारखी, चाटू न देणारी कॉलर. जमवलेल्या वस्तू हिसकावून घेऊ नका. ती फिरायला गेली असताना घरातल्या दुसऱ्या कोणी तरी उचलून नजरेआड ठेवाव्यात. फिरणं वाढवा, डोकं गुंतेल असे खेळ द्या, खाणं थोडं कमी केलं तरी चालेल. पाणी तोडू नका; तो जुना सल्ला आहे आणि आपल्याकडच्या उन्हात धोक्याचाही. पलंगाखाली लहान मुलांना हात घालू देऊ नका, तेवढे दिवस.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जणी पूर्ववत होतात. आचळ लाल, गरम, कडक झालं, ताप आला तर तो स्तनदाह, डॉक्टर लगेच. वागणं फारच बिघडलं तर डॉक्टर प्रोलॅक्टिन उतरवणारं कॅबरगोलिन देतात आणि ते चांगलं काम करतं. पण मेटिंग झालं असण्याची थोडी जरी शंका असेल तरी आधी सोनोग्राफी. खरंच गाभण असेल तर त्याच औषधाने गर्भ पडतो.

“एकदा पिल्लं होऊ द्या, मग हे थांबेल.” हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्याचा उगम शोधायचा नाद सोडला. थांबत नाही. पुढच्या हीटनंतर तिला पुन्हा दूध येतं, फक्त आता तुमच्याकडे घर शोधायला सहा पिल्लं असतात.

“खात नाही, पाणी मात्र खूप पिते”

हे वाचत असताना तुमच्या कुत्रीचं असंच चालू असेल आणि तिची हीट गेल्या दोन-तीन महिन्यांत झाली असेल, तर बाकीचं नंतर वाचा, आधी डॉक्टरांकडे जा.

दर हीटनंतरचं ते दोन महिन्यांचं प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर जाड करतं, गर्भाशयाचं मुख बंद करतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंद करतं. हीटमध्ये मुख उघडं असताना आत शिरलेले जंतू, बहुतेकदा ई. कोलाय, तिथे वाढतात आणि गर्भाशय पुवाने भरतं. याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून दिसलं की नसबंदी न झालेल्या साधारण पाचातल्या एका कुत्रीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार गाठतो. दर हीटबरोबर धोका वाढतो, म्हणून मधल्या वयापासून पुढे जास्त, पण तरुण कुत्रीत होत नाही असं नाही.

मुख उघडं असेल तर चॉकलेटी, पिवळा, घाण वासाचा स्राव दिसतो, आणि घरचे पुन्हा “हीट परत आली” म्हणतात. मुख बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही. तोच प्रकार जास्त घातक. सुस्ती, उलट्या, फुगलेलं पोट, कधी ताप, कधी तोही नाही. पाण्याचा हिशेब घरी करता येतो: सकाळी मोजून भांडं भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर ते नेहमीचं नव्हे. २५ किलोच्या लॅब्रेडॉरचे अडीच लिटर. उन्हाळा आहे म्हणून पीत असेल, असं स्वतःला समजावू नका.

उपचार म्हणजे सलाइन, अँटिबायोटिक आणि त्याच दिवशी शक्य तितक्या लवकर गर्भाशय काढणं. नुसत्या गोळ्यांवर चार दिवस काढले तर पू रक्तात पसरतो. पैशांचं म्हणाल तर ठणठणीत असताना केलेली नसबंदी आणि अशा अवस्थेतलं ऑपरेशन यांच्या बिलात कित्येक पटींचा फरक पडतो.

नसबंदीचं ऑपरेशन कधी

हीट चालू असताना शक्यतो नको, तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. हीट संपून दोन-तीन महिने झाल्यावर, विश्रांतीच्या टप्प्यात, सगळ्यात सुटसुटीत होतं. खोट्या गर्भधारणेच्या ऐन भरात केलं तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं आणि दूध, चिडचिड हे सगळं लांबत जातं. ते शमल्यावर तारीख घ्या. पहिल्या हीटआधी की नंतर, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. छोट्या जातींत लवकर केलं तर स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो असं मानतात. लॅब, गोल्डन, शेफर्ड अशा मोठ्या जातींत सांध्यांची वाढ होऊ द्यावी म्हणून वर्षभर थांबायला सांगतात. माझं मत असं की घराला कुंपण नसेल, दार सतत उघडं राहत असेल, तर थांबण्याचा हिशेब कागदावरच बरा दिसतो.

राहता राहिली शेवटची तक्रार: “ऑपरेशन होऊनही हीटवर आली.” अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला असेल तर असं होतं, महिन्यांनी किंवा वर्षांनीही. गर्भाशय काढलेलं असल्याने रक्त नसेल, पण सूज येते, नर येतात, ती शेपूट बाजूला घेते. लोक सगळं शांत झाल्यावर डॉक्टरांकडे जातात आणि मग काही सापडत नाही. सूज दिसते आहे त्याच दिवशी स्वॅबसाठी न्या, नंतर दोन-तीन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन तपासून घ्या. ते वर आलेलं असेल तर तुकडा आत आहे, आणि तो काढायला दुसरं ऑपरेशन लागेल.